सहा तासांची पूर्ण किंमत: ‘व्हॅन्क्विश’ आणि ‘टायटनफॉल २’

एकट्याने खेळायचा भाग पाच-सहा तासांत आटोपणाऱ्या शूटर, म्हणजे गोळीबाराच्या व्हिडिओ गेमला पूर्ण किंमत द्यावी की सेलची वाट पाहावी, हे ठरवताना मला नेहमी या दोन गेमची आठवण होते. ‘व्हॅन्क्विश’ २०१०च्या ऑक्टोबरात आला आणि ‘टायटनफॉल २’ त्यानंतर सहा वर्षांनी, २०१६च्या ऑक्टोबरात. बाजारात येताना दोन्हींची अमेरिकेतली किंमत ६० डॉलर, म्हणजे याच्या कितीतरी पट लांबीच्या गेमइतकीच होती. मी दोन्ही नवे असतानाच घेतले आणि प्रत्येकी एका शनिवार-रविवारात संपवले. पुन्हा निवड करायची वेळ आली, तर मी दोघांपैकी एकाच्याच बाबतीत सेलची वाट पाहीन.

पहिल्या फेरीचाच, म्हणजे गेम प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळण्याचाच विचार केला, तर ‘टायटनफॉल २’ निःसंशय सरस आहे. भिंतींवरून धावत जाणे, हवेतच दुसरी उडी घेणे आणि जमिनीला पाय लागताच घसरत पुढे सरकणे, या तीन हालचाली एकमेकींत इतक्या सहज मिसळतात की, थोड्याच वेळात आपण बटणांचा विचार करणे सोडून देतो. यंत्रयोद्धा चालवणारा नवखा सैनिक जॅक कूपर आणि बीटी-७२७४ हा त्याचा महाकाय यंत्रयोद्धा यांचे नाते मोजक्या संवादांत उभे राहते आणि शेवटी मनाला चटका लावून जाते. प्रत्येक मिशनला स्वतःची एक कल्पना आहे. एका मिशनमध्ये तर एका अवाढव्य कारखान्यात युद्धसरावासाठी अख्खी घरे जोडली जात असतात आणि आपण त्या फिरत्या, उलटणाऱ्या भिंतींवरून वाट काढतो.

माझा निर्णय मात्र ज्या गोष्टीने फिरवला, ती याच गुणाच्या पोटात दडलेली आहे. ‘इफेक्ट अँड कॉज’ या मिशनमध्ये कूपरच्या मनगटावर एक यंत्र येते आणि एका बटणासरशी आपण वर्तमानातल्या जळून उद्ध्वस्त झालेल्या प्रयोगशाळेतून भूतकाळातल्या झगमगत्या, माणसांनी गजबजलेल्या प्रयोगशाळेत जातो. भूतकाळात समोर बंदूकधारी शिपाई असतात, तर वर्तमानात त्याच दालनात हिंस्र जनावरे फिरत असतात. आगीने अडवलेली वाट काळ बदलताच मोकळी होते आणि हवेत झेप घेतलेली असताना काळ बदलला, तर मघाशी नसलेली भिंत हाताशी येते. शूटर प्रकारात याहून सुपीक कल्पना मी तरी क्वचितच पाहिली आहे. ती हाताला सरावते न सरावते तोच मिशन संपते आणि पुढच्या खेळात त्या यंत्राचा उपयोग उरत नाही. ते मिशन मी नंतर कितीतरी वेळा स्वतंत्रपणे उघडून खेळलो, पण दरवेळी तीच दालने, तेच शिपाई आणि तीच उत्तरे समोर आली. रहस्य एकदा कळल्यावर तिथे नव्याने शोधण्यासारखे काही राहत नाही. काही जणांना हा निर्मात्यांचा संयम वाटतो आणि त्यांचे म्हणणे मला समजते, परंतु पूर्ण किंमत मोजलेल्या माझ्या मनाला ती हुरहुर आजही लागून आहे.

‘व्हॅन्क्विश’ नेमका याच्या उलट वागतो. दिग्दर्शक शिंजी मिकामी आणि गेम बनवणारी कंपनी प्लॅटिनमगेम्स यांनी एकच कल्पना घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. नायक सॅम गिडियनच्या चिलखताला उष्णतेची एक मर्यादा आहे. गुडघ्यांवर वेगाने घसरत जाणे, नेम धरताना काळ संथ करणे आणि शत्रूला ठोसा लगावणे, हे सारे त्या एकाच साठ्यातून खर्च होते. त्यातला ठोसा तर सगळा साठा एका फटक्यात रिकामा करतो. पहिल्या दिवशी मला हा अन्याय वाटला होता, कारण घसरत शत्रूपर्यंत पोहोचल्यावर हात आपोआप ठोशाकडे जातो आणि पुढचे काही क्षण आपण तापलेल्या चिलखतात उघड्यावर अडकतो. दुसऱ्या फेरीत त्यामागचा हेतू कळला. किती घसरायचे, कोठे थांबायचे आणि जीवावर बेतल्यावर काळ संथ करण्याइतके काय शिल्लक ठेवायचे, हा हिशेबच खरा खेळ आहे. शस्त्रांचेही तसेच आहे. गोळ्या पूर्ण भरलेल्या असताना तेच शस्त्र पुन्हा उचलले, तर त्याची ताकद वाढत जाते, त्यामुळे आत्ता गोळी झाडावी की राखून ठेवावी, हा प्रश्न सतत सोबत असतो. माझी पहिली फेरी आडोशामागे बसून गेली आणि तिसरीत आडोसा जवळजवळ लागलाच नाही. नकाशे, म्हणजे लढाईची ठिकाणे, तेच होते, तरी गेम निराळा वाटला.

‘व्हॅन्क्विश’मध्ये उणिवा आहेतच. कथा विरळ आहे आणि अर्धवट वाटेल अशा ठिकाणी थांबते, पांढऱ्या-करड्या धातूची दालने एकमेकांसारखी दिसतात, कट-सीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेली कथादृश्ये, वारंवार मध्ये येतात आणि काही मोठे यंत्रशत्रू पुन्हा समोर आणले आहेत. त्यात मल्टिप्लेअरही, म्हणजे इतरांसोबत खेळायचा भागही नाही. मित्रांसोबत रोज संध्याकाळी ऑनलाइन खेळणाऱ्याने म्हणूनच माझे मत थोडे बाजूला ठेवावे, कारण ‘टायटनफॉल २’ची किंमत त्याच्यासाठी मल्टिप्लेअरमध्येच वसूल होऊ शकते आणि त्यात नंतर आलेले नकाशेही विनामूल्य होते.

एकट्याने खेळणाऱ्याला मात्र मी ‘व्हॅन्क्विश’ पूर्ण किमतीला घ्यायला सांगेन आणि ‘टायटनफॉल २’ सेलमध्ये. २०१७ साली पीसीवर आलेल्या ‘व्हॅन्क्विश’ची पूर्ण किंमत मुळातच २० डॉलर होती, त्यामुळे हा सल्ला देणे आता मला पूर्वीइतके अवघड जात नाही. पहिली फेरी ‘नॉर्मल’ या काठिण्यपातळीवर खेळावी आणि ती संपताच, हात तापलेला असतानाच, दुसरी ‘हार्ड’वर सुरू करावी. पहिल्या अंकातला आर्गस हा अजस्र यंत्रयोद्धा पुन्हा समोर उभा राहील, तेव्हा उष्णतेच्या पट्टीकडे आपली नजर न सांगता जाते की नाही, ते पाहावे.