सांगलीत कॅफे रेसर करून घ्यायचीय? मामा-भाच्याच्या गॅरेजबद्दल थोडं

शंभर फुटी रस्त्यावर गॅरेजांना काय तोटा नाही, पण जुनी गाडी कापून तिची कॅफे रेसर (हँडल खाली, पाय मागं, अंग टाकीवर झोपवून चालवायची जुन्या इंग्लिश थाटाची मोटरसायकल) करणारी आणि केल्यावर ती रोज चालवता येईल अशी करून देणारी माणसं लई कमी. मी माझी जुनी हीरो होंडा सीबीझेड जिथं करून घेतली ते गॅरेज त्याच बाजूला एका आतल्या बोळात आहे. नाव-पत्ता इथं टाकत नाही, कारण मामांनीच बजावलंय की नेटवर बोर्ड लावू नका, हायत ती गिऱ्हाईकं आवरंनात. ज्याला जायचंय त्याला कुठलाही स्पेअर पार्टवाला सांगेल, मामा-भाचे कुठं बसतात म्हणून विचारा.

तर इथं दोन मिस्त्री आहेत, मामा आणि भाचा, आणि कॅफे रेसर म्हणजे काय यावर दोघांचं अजिबात पटत नाही. मामा साठीकडं झुकलेले, आधी मिरज एमआयडीसीत लेथवर होते, हातात व्हर्नियर (बारीक मोजमापाचं हत्यार) असल्याशिवाय बोलत नाहीत. भाचा आयटीआय करून आलेला, दिवसरात्र मोबाईलवर इंडोनेशिया, जपान, स्पेनमधल्या गाड्या बघणारा. तुम्ही गाडी घेऊन गेलात की आधी दोघं तुमच्यासमोर भांडतात, मग तुमच्याशी भांडतात, आणि मग काम सुरू होतं. ज्याला 'सर तुम्हाला पाहिजे तसं करून देतो' ऐकायची सवय आहे त्यानं जाऊच नये, आणि मला विचाराल तर त्या भांडणाचेच पैसे वसूल होतात.

भांडण कशावर? भाच्याला पाहिजे सरळ सपाट सीट, ब्रॅट स्टाईल, जाड ठोकळ्या नक्षीचे टायर, सायलेन्सरला पट्टी गुंडाळलेली, सगळं मॅट काळं. मामांना पाहिजे मागं कुबड असलेलं एकट्याचं सीट, बारीक टायर, पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम आणि टाकीला रंग असा की लांबून ओळखू यावा. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही अजून साठ सालात हाय." मामा म्हणतात, "आरं बाबा, ही गाडीच साठ सालची हाय, मग मी कुठं असायला पाहिजे?"

यात मामांचं म्हणणं इतिहासाला धरून आहे हे मान्य करावं लागतं. ही भानगड सुरू झाली १९५०-६० च्या इंग्लंडमध्ये. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं हॉटेल, १९३८ पासूनचं, तिथं पोरं गाड्या घेऊन जमायची आणि एका कॅफेपासून दुसऱ्यापर्यंत पळवायची. ताशी १०० मैल, म्हणजे आपले १६० किलोमीटर, गाठले की मान मिळायचा. त्यासाठी गाडीवरचं जे जे लागत नाही ते काढून टाकायचं, हँडल खाली, पाय मागं, अंग टाकीवर झोपवलेलं. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड चेसीत बसवून ट्रायटन करायची ती याच काळात. म्हणजे दिसायला भारी पाहिजे म्हणून नव्हे तर पळायला पाहिजे म्हणून तिचा आकार असा झाला. आपल्या एन्फिल्डनंसुद्धा तिकडच्या कारखान्यात १९६४ साली कॉन्टिनेंटल जीटी २५० काढली ती ह्याच पोरांसाठी, कंपनीतूनच क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कला आवळायच्या खालच्या हँडलसकट.

पण भाचा जे म्हणतो तेही खोटं नाही ना. त्याचा सवाल असा की १५६ सीसीच्या, जेमतेम १२-१३ हॉर्सपॉवरच्या गाडीला तुम्ही कितीही झोपवा, ती १६० जाणार आहे का? नाही. मग पळायचा आवच नको, दिसायलाच करा आणि दोघं बसतील अशी करा, आपल्याकडं मागं बसणारं कोणतरी असतंच. हे ऐकून मी पण गप्प बसलो होतो, कारण घरी पण मला हेच विचारलं होतं, फक्त आवाज वेगळा होता.

शेवटी माझ्या गाडीत काय झालं ते सांगतो, त्यावरून कामाचा अंदाज येईल.

सीबीझेड का, तर १९९९ ला आलेली ही गाडी ह्या कामाला बरी पडते. दोन्ही चाकं १८ इंची, मागं दोन शॉकअप, पुढं डिस्क, कार्बोरेटरला अॅक्सिलरेटर पंप त्यामुळं मूठ पिळली की पिकप येतो. वाईट एकच, तिची टाकी. फुगीर आहे आणि मागं उतरते, त्यामुळं सीटची रेष जुळत नाही. इथं पहिल्यांदा मामांचं काम बघितलं. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली, गवंडी लावतात तसली लाईनदोरी घेतली, एक टोक हँडलच्या बुडाशी, दुसरं मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टला, आणि ताणून धरून खडूनं खुणा केल्या. टाकीचा तळ आणि सीटचा तळ ह्या दोरीला समांतर आला पाहिजे, एवढंच. "ही रेष मोडली की वर सोन्याचा पत्रा लावा, गाडी भंगारच दिसणार." भाचा एरवी मामांच्या प्रत्येक वाक्याला फाटा फोडतो, पण ह्या दोरीच्या वेळी खाली बसून दुसरं टोक त्यानंच धरलं होतं.

मग यामाहा आरएक्सची जुनी टाकी आणली, लांब आणि सरळ आहे म्हणून. तिचा खालचा बोगदा सीबीझेडच्या पाईपवर बसत नाही, तो कापून रुंद करून परत वेल्ड केला, पाणी भरून गळती बघितली, मग पुट्टी. (पूर्ण आरएक्स १०० आणून कापायला सांगाल तर मामा हाकलून देतील, आणि बरोबरच आहे, १९९६ ला बंद झालेली गाडी, ओरिजिनल राहिलीयत किती!)

हँडल आणि फुटरेस्ट हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथंच बाकीचे लोक फसवतात. क्लिप-ऑन हँडल बाजारात मिळतं, फोर्कच्या नळीला आवळलं की झालं, दहा मिनिटांचं काम. पण हँडल खाली घेतलं आणि पाय होते तिथंच ठेवले तर माणूस मधे दुमडतो, सगळं वजन मनगटावर. साताऱ्याचा एक मित्र आहे, त्यानं दुसरीकडून अशीच करून घेतली होती, नुसतं हँडल बदललेलं, कासला चढून गेला मस्त, फोटोबिटो काढले, येताना यवतेश्वरच्या उतारावर ब्रेक मारत मारत खाली येईपर्यंत हाताला मुंग्या. आता ती गाडी घरी कव्हर घालून उभी असते.

म्हणून रिअर-सेट, म्हणजे फुटरेस्ट मागं आणि थोडं वर, हे हँडलबरोबरच करायचं. ऐकायला सोपं आहे पण त्याच्यामागं ब्रेकचा रॉड आखूड करायचा, गिअरला लिंकेज जोडायचं, आणि ते उलटं लागलं तर गिअर उलटे पडतात. शिवाय माझी गाडी किकवाली, आणि उजवं फुटरेस्ट मागं नेलं की किक खाली येताना बरोबर त्यावरच आपटते. भाच्याचं म्हणणं सेल्फ बसवू. मामांनी उजवं फुटरेस्ट घडीचं केलं, लेथवर पिन टर्न करून, आत स्प्रिंग टाकून. किक मारायची तर बुटाच्या टोकानं ते वर ढकलायचं, गाडी सुरू झाली की खाली पाडायचं, टक् करून बसतं. आजपर्यंत ढिलं झालेलं नाही. ह्या एका पिनसाठी मी हे गॅरेज चारचौघांना सांगतो.

भाच्याच्या हाताचं कौतुक करायचं तर वायरिंग. जुन्या गाडीची वायरिंग म्हणजे ठिकठिकाणी टेप मारलेली, त्यानं सगळी उपसून नवी केली, प्रत्येक जोड सोल्डर करून स्लीव्ह घातली, बॅटरी सीटच्या कुबडात लपवली आणि फ्यूज हाताला येईल असा ठेवला. आणि हँडल पूर्ण वळवल्यावर क्लिप-ऑन टाकीला टेकतं, टाकीला पोचे पडतात, हे त्यानंच आधी ओळखून स्टॉपर वाढवला. त्याचा तोटा एवढाच की गाडी आता कमी वळते. कापडपेठेत एका दमात यू टर्न विसरा, पाय टेकवून मागंपुढं करायला लागतं आणि मागचा रिक्षावाला काय बोलायचं ते बोलतो.

ज्याला मी स्वतः नाही म्हटलं ते दोन-तीन प्रकार. सायलेन्सरची पट्टी नको, आपल्या पावसात ती पाणी धरून ठेवते आणि आतून पाईप गंजतो, कळतं तेव्हा भोक पडलेलं असतं. ठोकळ्या टायर नको, फोटोत भारी दिसतात पण ओल्या डांबरावर विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, आणि ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलात तर नकोच नको. एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावायचा भाच्यानं फार आग्रह केला, मधली त्रिकोणी जागा मोकळी दिसते म्हणून. ती दिसते खरी सुंदर. पण डबा काढला की हवा जास्त जाते, मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, मग कार्बोरेटरचा मेन जेट मोठा टाकून परत परत प्लगचा रंग बघत बसावं लागतं, आणि उघडा फिल्टर पावसात भिजला की गाडी फटफट करत बंद. डबा ठेवला. भाचा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

उलट मागचं मडगार्ड मामांना नको होतं आणि मी हट्टानं छोटं ठेवायला लावलं. नसतं तर जून ते सप्टेंबर पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसला जायला लागलं असतं.

आता कायद्याचं बोलायला पाहिजे, कारण रील बघून जाणाऱ्या पोरांना हे कोण सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ ला हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. प्रत्येक बदलामागं, हे नीट वाचा. मामा हे गिऱ्हाईकाला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतात. मागच्या शॉकअपच्या पुढं ते चेसी कापत नाहीत, इंजिन-चेसी नंबरजवळ ग्राइंडर नेत नाहीत, आरसे-इंडिकेटर-पूर्ण साईझची नंबर प्लेट ठेवल्याशिवाय गाडी देत नाहीत, आणि फायरिंगवाला सायलेन्सर मागितला तर दार दाखवतात. काढलेला प्रत्येक नटबोल्ट, जुनी टाकी, सीट, हँडल गोणीत भरून गाडीबरोबर परत देतात, उद्या ओरिजिनल करायची वेळ आली तर. तरी जोखीम तुमचीच राहते. ज्याला ती नको असेल त्यानं सरळ कॉन्टिनेंटल जीटी ६५० बघावी, सेकंडहँड मिळते, ट्विन सिलेंडर, ४७ हॉर्सपॉवर, क्लिप-ऑन कंपनीतूनच, आरटीओला एक शब्द बोलायला जागा नाही. पैसे मात्र भरपूर जास्त.

पैशावरून आठवलं. मला गाडी सोडून पाऊण लाखाच्या आत पडलं, त्यात टाकी, पेंट, लेथकाम, टायर सगळं आलं. एवढ्यात एक चांगली चालू सेकंडहँड गाडी येते, हे घरचे बोलतातच. अॅडव्हान्स अर्धा घेतात, प्रत्येक पार्टची पावती देतात, त्यात काडीची लबाडी नाही.

लबाडी नाही पण वेळेच्या बाबतीत दोघंही एकजात बेभरवशाचे, इथं मात्र त्यांचं छान पटतं. फोन उचलत नाहीत. 'गुरुवारी या' म्हणतात, कुठल्या गुरुवारी ते सांगत नाहीत. माझं काम गणपतीच्या तोंडावर आलं आणि भाचा मंडळाच्या देखाव्याच्या वेल्डिंगला गेला तो विसर्जनानंतरच उगवला, तोपर्यंत माझी गाडी टाकीबिगर, सीटबिगर कोपऱ्यात. शिवाय सीटचं काम बाहेरून करून आणतात आणि ते मला पसंत नाही, फोम कडक आहे. कराड ओलांडून साताऱ्याकडं निघालं, त्यात हायवेच्या सहापदरी कामाची डायव्हर्जन, की बूड बोलायला लागतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "कॅफेपर्यंतच जायची गाडी हाय, तुमाला कुणी सांगितलं साताऱ्याला जायला?"

रंग शेवटपर्यंत ठरत नव्हता. भाचा मॅट काळ्यावर अडलेला, मामा लाल म्हणत होते. मी हळदीसारखा पिवळा सांगितला आणि टाकीवर एकच बारीक काळी रेघ. दोघांनाही आवडला नाही. आता गॅरेजमधे नवीन गिऱ्हाईकाला फोटो दाखवताना दोघंही माझ्याच गाडीचा दाखवतात, असं मला परवा एकानं सांगितलं.

जाणार असाल तर सकाळी जा, मामा मोजमापाचं काम सकाळीच करतात. आणि गिअरला कवटी, एलईडीची पट्टी असलं काय बसवून घ्यायचं मनात असेल तर दुपारी एक ते तीनमधे गाठा, तेव्हा मामा जेवायला घरी जातात आणि भाचा एकटाच असतो.