शिकागो, १९०६: कब्जचा हंगाम की व्हाइट सॉक्सचा?

१९०६ मध्ये अमेरिकन बेसबॉलच्या दोन्ही प्रमुख लीग शिकागोच्याच संघांनी जिंकल्या. नॅशनल लीगमधील कब्ज (Cubs) संघाने ११६ सामने जिंकले, केवळ ३६ गमावले आणि दुसऱ्या क्रमांकावरील न्यूयॉर्क जायंट्सला तब्बल २० सामन्यांनी मागे टाकले. ११६ विजयांची बरोबरी थेट २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सने केली, तीही १६२ सामन्यांच्या हंगामात. बालपणी शेतीच्या यंत्रात तर्जनीचा बराचसा भाग गमावलेला मॉर्डेकाय ब्राऊन हा कब्जचा हुकमी पिचर (चेंडू फेकणारा) होता. त्या दुखावलेल्या हातातून सुटणारा चेंडू असा काही वळे की त्याने त्या हंगामात २६ सामने जिंकले.

अमेरिकन लीग जिंकणाऱ्या व्हाइट सॉक्सची बॅटिंग मात्र यथातथाच होती. .२३० ही त्यांची बॅटिंगची सरासरी (दर हजार प्रयत्नांत २३० यशस्वी फटके) त्या लीगमध्ये नीचांकी होती, तरीही ऑगस्टमध्ये सलग १९ विजय मिळवून त्यांनी लीग खिशात घातली.

दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीजही व्हाइट सॉक्सनेच कब्जविरुद्ध ४-२ अशी जिंकली. नियमित शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज डेव्हिस आजारी पडल्याने संघात आलेल्या जॉर्ज रोहीने तिसऱ्या सामन्यात तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना ट्रिपल (फटका मारणाऱ्याला तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, आणि पिचर एड वॉल्शने १२ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून ती ३-० आघाडी राखली. तरीही अख्ख्या हंगामाचे माप सहा सामन्यांवरून काढणे मला पटत नाही. करंडक सॉक्सचा, पण हंगाम कब्जचाच थोर.