काट्याचा टॉर्क पाना: एएन-३ बोल्टसाठी घ्यावा का?

घरी विमान बांधणारे बहुतेक जण 'कट्' वाजणारा टॉर्क पाना घेतात, म्हणजे ठरवलेल्या जोराला पोचलं की आवाज करणारा. माझ्याकडेही आहे, २० ते २०० इंच-पाउंडांचा (हे पिळाच्या जोराचं माप). पण विमानात सगळ्यात जास्त लागतो तो एएन-३, म्हणजे ३/१६ इंचाचा, १०-३२ आट्यांचा बोल्ट. नकाशात वेगळं दिलं नसेल तर त्याच्या नटाला २० ते २५ इंच-पाउंड, तेही कोरड्या आट्यांवर. वाजणाऱ्या पान्याच्या पट्टीचा हा अगदी तळ. तिथे 'कट्' इतका मिळमिळीत येतो की तो कळेपर्यंत नट पुढे गेलेला असतो.

म्हणून ० ते ६० चा, पाव इंच ड्राइव्हचा, साधा काट्याचा पाना घेतला. आवळताना याची दांडी वाकते आणि काटा पट्टीवर जोर दाखवतो. दिसायला अगदीच गरीब. पण त्याचं खरं काम लॉकनटवर दिसतं. एएन-३६५ या लॉकनटाच्या नायलॉनच्या कड्यामुळे नट टेकायच्या आधीच जड फिरतो. तो अडसर मोजून ठरलेल्या आकड्यात मिळवायचा असतो. नट फिरता ठेवून काटा बघायचा. ८ दाखवत असेल तर शेवटी २८ ते ३३ च्या दरम्यान थांबायचं. वाजणाऱ्या पान्याकडून हे कळणं शक्यच नाही. (जुना लॉकनट बोटांनीच सरसर फिरत असेल तर मोजत बसू नका, फेका.) नटाकडे हात पोचत नाही आणि नाइलाजाने बोल्टचं डोकं फिरवावं लागतं, तिथे भोकातल्या घर्षणाचीही भर पडते. तेही याच काट्यावर दिसतं.

त्रास आहेतच. मूठ मधल्या खिळीवर तरंगती ठेवावी लागते. ती कलून दांडीला टेकली की आकडा खोटा. पट्टी समोरूनच वाचायची, तिरक्या नजरेने एक-दोन घरांचा फरक सहज पडतो. अडचणीच्या कप्प्यात तर काटा दिसतच नाही. तिथे मी क्रोफूट (टॉर्क पान्याला लावायचं उघड्या तोंडाचं जोड) पान्याला काटकोनात लावतो, म्हणजे हिशेब बदलत नाही, आणि काटा दुसऱ्याला वाचायला सांगतो.

एक गोष्ट मात्र कुठलाच टॉर्क पाना पकडत नाही. बोल्ट लांब निघाला आणि नट आटे संपून बिनआट्याच्या भागावर अडला, तरी काटा खुशाल ३० दाखवतो आणि आतले पत्रे ढिलेच राहतात. बोल्टची ग्रिप, म्हणजे बिनआट्याच्या भागाची लांबी, १/८ इंचाच्या टप्प्याने वाढते, एएन-९६० वॉशर १/१६ इंचाचा, पातळ वॉशर त्याच्या निम्मा. एवढ्यात जमवायचं. आवळण्याआधी वॉशर बोटाने हलवून बघा, आवळल्यावर पुन्हा बघा, तेव्हा तो हलायला नको. मगच नटावर आवळल्याची खूण म्हणून रंगाची रेघ ओढा.

एएन-४ ला ५० ते ७० लागतात, वर अडसर वेगळा. तिथे याची पट्टी संपते, त्यामुळे वाजणारा पाना विकून टाकू नका. डबा टुकार आहे, पाना आत खडखडतो. फोम घालून घ्या.