स्टँडर्ड पाळणारं हार्डवेअर की कंपनीच्या खास ड्रायव्हरवालं?
लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमसाठी काय घ्यावं यात अडकला असाल तर आधी ड्रायव्हरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कोडचं बघा. एनव्हीएमई (वेगवान स्टोरेजचं कॉमन स्टँडर्ड) एसएसडी जवळपास कुठल्याही कंपनीची असो, कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एकच ड्रायव्हर पुरतो, यूव्हीसी (यूएसबी व्हिडिओचं स्टँडर्ड) वेबकॅमचंही तेच. वायफाय आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरसाठी असं कॉमन स्टँडर्डच नाही, चिप बदलली की रजिस्टर (चिपला हुकूम द्यायच्या जागा) वेगळे, फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) वेगळं, म्हणून तर कर्नलचा निम्म्याहून जास्त कोड नुसत्या ड्रायव्हरचा झालाय आणि तो सांभाळणाऱ्यांचं खरंच वाईट वाटतं. टिकाऊपणात स्टँडर्डच पुढे, कंपनीने सपोर्ट सोडला तरी वस्तू चालत राहते. खास फीचर्स मात्र कंपनीच्या खास ड्रायव्हरवाल्यात जास्त मिळतात. वर्षानुवर्षं वापरायचंय तर स्टँडर्डवालं घ्या, गेमिंगसाठी जीपीयू (ग्राफिक्स चिप) लागणारच असेल तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा बघा.