नऊ महिने, अकरा भाषणं आणि न पडलेला पाऊस

आधीच सांगते, क्लबचं नाव लिहिणार नाही आणि शेवटी 'तुम्हीही या' असा आग्रहही करणार नाही. दर शनिवारी सव्वा तास, ऑनलाइन, मराठीतून, असा एक वक्तृत्वाचा क्लब. मला तिथे नऊ महिने झाले. अकरा भाषणं झाली, त्यातली सात प्रवासाची.

गेले ती एका जुन्या रडगाण्यावर उपाय शोधायला. कुठूनही फिरून आले की घरचे विचारणार, "कशी झाली ट्रिप?" आणि माझी गाडी 'मस्त झाली'च्या पुढे काही सरकायची नाही. फार तर फोन पुढे करायचा आणि फोटो सरकवत बसायचं. विसाव्या फोटोला समोरच्याला जांभई. तेवढीच माणसं माझी ताई मात्र नुसत्या बोलण्यावर तासभर धरून ठेवते, हे जास्त बोचायचं.

क्लबचा साचा बहुतेकांना माहीत असेल. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे वायएमसीए या युवक संघटनेच्या तळघरात लोकांना बोलायला शिकवणाऱ्या बैठका सुरू केल्या. त्यातून टोस्टमास्टर्स ही वक्तृत्व क्लबांची संघटना उभी राहिली आणि तीच पद्धत जगभर गेली. आमचा क्लबही त्याच वळणाचा. तयार केलेलं भाषण पाच ते सात मिनिटांचं. मग आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक ते दोन मिनिटं. मग प्रत्येक भाषणाचं मूल्यमापन, दोन ते तीन मिनिटं. एक जण टायमर, एक जण आह-काउंटर, म्हणजे तुमचे 'अं', 'आं' आणि 'म्हणजे' मोजणारा. माझ्या पहिल्या प्रवासकथेत सहा मिनिटांत तेवीस 'तर' निघाले. 'तर आम्ही निघालो, तर तिथे गेलो, तर काय झालं...' आकडा ऐकून मी हसले, पण त्या रात्री जेवताना स्वतःचा प्रत्येक 'तर' कानाला टोचत होता.

ऑनलाइन असण्याचे फायदे उघड आहेत, त्यात वेळ घालवत नाही. तोटे मात्र सांगते, कारण ते आत गेल्याशिवाय कळत नाहीत.

पहिला म्हणजे शांतता. सगळे म्यूटवर असतात. विनोद केला की समोर नऊ चौकोन, त्यातले दोन कॅमेरा बंद, एकात पंखा फिरतोय. हशा ऐकूच येत नाही. सुरुवातीला मला वाटायचं विनोद पडला, मग मी तो समजावून सांगायला जायचे आणि तेव्हा तो खरोखर पडायचा. आता हशापुरते दोन सेकंद मनात मोजून थांबते. कोणाचे खांदे हलताना दिसले की पुढे.

दुसरा तोटा आवाजाचा. माझ्या एका गोष्टीत रात्रीची आगगाडी येते. मोठ्या हौसेने मी तिची शिट्टी तोंडाने काढली, टेबलावर बोटांनी रुळांचा ठेकाही धरला. भाषण संपल्यावर कळलं की कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं! मी तोंडाचा चंबू करून काही सेकंद नुसती बसलेली दिसले. आम्ही ज्यावर भेटतो त्या व्हिडिओ ॲपमध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी सोय असते. माणसाच्या बोलण्यासारखं जे नसेल ते ती केर समजून काढून टाकते. सेटिंगमध्ये ती बंद करता येते, हे मला पाचव्या महिन्यात समजलं. तसंच खोट्या पार्श्वभूमीचं. 'एवढा मोठा दरवाजा' म्हणून हात पसरले की कोपरापासून पुढचे हात गायब. प्रवासाची गोष्ट सांगायची तर मागे साधी भिंत बरी.

टायमरची युक्ती मात्र मला आवडते. आमचा टायमर बोलत नाही, मागचा पडदा बदलतो. पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. त्याचा चौकोन पिन करून, म्हणजे सतत समोर दिसेल असा, ठेवायचा, एवढं लक्षात ठेवा. मी एकदा विसरले, फोनवरून बोलत होते, टायमर दुसऱ्या पानावर गेला आणि मी पावणेनऊ मिनिटं बोलत राहिले.

शब्दांचा हिशोबही हळूहळू कळला. मराठीत माझ्या चालीने सात मिनिटांत साडेसहाशे शब्द बसतात, त्यापेक्षा जास्त लिहिलं की धावपळ होते. आणि साडेसहाशे शब्दांत आठ दिवसांची सहल बसत नाही. मी पहिल्यांदा बसवायला गेले होते. बारा फोटोंची स्लाइड, प्रत्येकी पस्तीस सेकंद. स्क्रीन शेअर केल्यावर माझा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला, आणि लोक फोटो बघत बसले. मूल्यमापक बाई निवृत्त शिक्षिका आहेत, फार गोड बोलतात, पण त्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही कुठे कुठे गेलात ते कळलं. तुम्ही तिथे होतात का, ते कळलं नाही." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला राग होता. पुढच्या भाषणात एकही फोटो नव्हता.

माहितीचंही तसंच होतं. एका सदस्याने सामोआची गोष्ट सांगितली. सामोआने २०११ साली आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, त्यामुळे तिथे ३० डिसेंबर हा दिवस उजाडलाच नाही. गुरुवार २९ नंतर थेट शनिवार ३१. गंमतीची माहिती आहे, पण त्यात त्याची पहिली अडीच मिनिटं गेली आणि आम्ही सगळे शाळेच्या भूगोलाच्या तासाला बसल्यासारखे बसलो. मग तो जाता जाता म्हणाला की शेजारच्या अमेरिकन सामोआतून तो निघाला तेव्हा तेरा तारखेची दुपार होती, विमान जेमतेम पाऊण तासाचं, आणि उतरला तेव्हा चौदाची दुपार. त्याचा वाढदिवस चौदाचा. अर्धा वाढदिवस हवेतच गेला. दुपारी दोन वाजता एका अनोळखी विमानतळावर तो बाकावर बसून उरलेला वाढदिवस कसा साजरा करावा याचा विचार करत होता. सगळ्यांनी कान टवकारले ते तिथे. त्याने मात्र ते दोन वाक्यांत उरकलं, कारण पडदा लाल झाला होता.

आता पावसाकडे येते.

माझी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट म्हणजे मी आणि ताई रात्री तीन वाजता चुकीच्या स्टेशनवर उतरलो ती. आडबाजूचं लहान स्टेशन, प्रतीक्षालयाला कुलूप, पुढची गाडी सकाळी साडेसहाला, आणि एक कुत्रा आमच्या बॅगेवर येऊन झोपलेला. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ठीक झाली. कोणीतरी म्हणालं, वातावरण कमी पडतं. दुसऱ्या वेळी मी वातावरण घातलं. प्लॅटफॉर्मवरचा एकच दिवा, पत्र्यावर पडणारा पाऊस, भिजलेलं कुत्रं. लोकांना आवडली. तिसऱ्यांदा क्लबच्या छोट्या स्पर्धेत सांगितली, तेव्हा पाऊस मुसळधार झाला होता. त्या गोष्टीला दुसरं बक्षीस मिळालं आणि त्या आनंदात मी ताईला पुढच्या शनिवारी पाहुणी म्हणून बोलावलं. स्पर्धेतलं भाषण तिच्यासमोर पुन्हा केलं.

रात्री तिचा फोन.

"पाऊस कुठे होता गं?"

"होता की. पत्र्यावर वाजत होता."

"मे महिना होता. उकडत होतं म्हणून आपण प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन बसलो. आणि पत्रा कसला, वर झाड होतं."

मी वाद घातला. खरंच घातला, कारण तोपर्यंत मला तो पाऊस आठवत होता, आवाजासकट. मग ती म्हणाली, "पावसाचं जाऊ दे. 'आम्ही चुकून उतरलो' काय? आम्ही कधी? तू मला गाढ झोपेतून ओढून उतरवलंस. मी म्हणत होते, पाटी नीट वाच."

यावर मी गप्प.

फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती. १९३२ साली त्याने ते प्रयोग प्रसिद्ध केले. दर वेळी गोष्ट आखूड होत गेली, आणि जे परकं होतं ते सांगणाऱ्याच्या ओळखीचं होत गेलं. आदिवासींच्या होडीची साधी बोट झाली. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि 'लोक किती विसरतात' म्हणून सोडून दिलं होतं. स्वतःचा पाऊस सापडल्यावर वाचलेलं आठवलं. अशा क्लबमध्ये एकच गोष्ट घासूनपुसून चार वेळा सांगायची असते, आणि टाळ्या जिथे मिळतात तिथे ती दर वेळी थोडी वाढते. यावर आमच्याकडे कोणी बोलत नाही. हातवारे, स्वर, वेळ सगळं मोजतात. खरं किती, हे मोजणारा काउंटर नाही.

पुढच्या भाषणात मी तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली. पाऊस काढला. 'आम्ही उतरलो'च्या जागी 'मी ताईला हाताला धरून ओढलं' असं म्हटलं. गाडी हलली तेव्हा पाटीवरचं नाव दिसलं, आणि ताई काही बोलली नाही, नुसती बॅगेची चेन लावत राहिली, एवढं सांगितलं. नऊ चौकोनांत कोणी हललं नाही. मग एका आजोबांचा माइक चुकून चालू राहिलेला, त्यांच्याकडून हळूच "अरेरे" ऐकू आलं. या नऊ महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात चांगली दाद तीच. मूल्यमापकांनी मात्र 'मागच्या वेळेला पावसाचं वर्णन जास्त प्रभावी होतं' असं नोंदवलं.

मूल्यमापन हीच या क्लबची खरी कमाई आहे आणि हीच खरी अडचणही. चांगलं झालं तर महिन्याभराचा सराव वाचतो. एकदा एका मुलाने टॅक्सीवाल्याची फजिती सांगून सगळ्यांना खूप हसवलं. त्याच्या मूल्यमापकाने एवढंच विचारलं की त्या टॅक्सीवाल्याला तुमच्या गोष्टीत हसं होण्यापलीकडे काही काम आहे का. त्या एका प्रश्नाने नंतरच्या कितीतरी गोष्टी बदललेल्या मी पाहिल्या, माझ्याही. पण दहातली सहा मूल्यमापनं 'छान, आत्मविश्वास दिसला, डोळ्यांत पाहून बोललात' अशी साखरेच्या पाकातली असतात. डोळ्यांत पाहून कसलं, मी लेन्सशेजारी चिकटवलेल्या पिवळ्या टिकलीकडे पाहत होते.

आणखी दोन गोष्टी खटकल्या. भूमिका घेऊन ऐन वेळी न येणारे. ऑनलाइन असल्यामुळे 'नेट गेलं' एवढं पुरतं. एका शनिवारी मी टायमर, आह-काउंटर आणि सूत्रसंचालक, तिन्ही होते. आणि रेकॉर्डिंग. माझं एक भाषण न विचारता सगळ्यांच्या ग्रुपवर गेलं. माझ्यापुरतं चाललं असतं, पण प्रवासाच्या गोष्टीत आपण एकटे नसतो. त्यात ताई होती, तिला काही विचारलेलं नव्हतं. तक्रार केल्यावर काढलं आणि आता आधी विचारतात.

वेळेचा घोळ वर्षातून दोनदा होतो, तो नवीन लोकांनी ध्यानात ठेवावा. अमेरिकेतले सदस्य मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात, युरोपातले शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे कोणी तासभर आधी येतं, कोणी सगळं संपल्यावर. शरदातही घड्याळं मागे जाताना आठवडाभर तसंच.

सदस्यत्व पुढच्या सहा महिन्यांसाठी वाढवलंय. घरचे आता 'कशी झाली ट्रिप' विचारतात तेव्हा मी एकच प्रसंग सांगते, बहुतेक वेळा काहीतरी फसलेला, आणि फोन खिशात राहतो.

ताईनेही नाव नोंदवलं आहे. येत्या शनिवारी तिचं पहिलं भाषण, म्हणजे ओळखीचं 'आइसब्रेकर', चार ते सहा मिनिटं. विषय विचारला तर म्हणाली, "तीन वाजताचं स्टेशन. माझ्या बाजूने." टायमरच्या रकान्यात माझं नाव लागलं आहे. हिरवा, पिवळा, लाल असे तिन्ही पडदे तयार करून ठेवलेत, पण ती सहा मिनिटांत थांबेल असं वाटत नाही.