बोटीचा ट्रेलर मोडला: तडजोड, विमा, ग्राहक आयोग की दिवाणी दावा?

एक हिशेब समोर ठेवू. ट्रेलर २ लाख ६० हजारांचा, बोट वेगळी घेतलेली, ८ लाखांची. नागपूरजवळच्या खिंडसी तलावाहून परतताना मनसरच्या आसपास डावा स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा) तुटला, चाक हबसकट (मधल्या भागासकट) निघालं, बोट कलंडली. ट्रेलरची दुरुस्ती ५५ हजार, बोटीचं फायबर आणि इंजिनाचा ब्रॅकेट मिळून १ लाख ९० हजार, क्रेन आणि टोचन १४ हजार, वर महिनाभर बोट बंद. ही चार नुकसानं कायद्याच्या नजरेत चार वेगळ्या जातीची आहेत. सगळी एकाच दारात मागितली की निम्मी तिथेच अडकतात.

| नुकसान | कंपनीशी तडजोड | विमा | ग्राहक आयोग | दिवाणी किंवा व्यावसायिक न्यायालय |
|---|---|---|---|---|
| ट्रेलर | बहुधा सुटा भाग मिळतो | तुटलेला भाग नाही. कलंडून झालेलं नुकसान मिळू शकतं | हो, सदोष वस्तू म्हणून | हो, मुख्यतः विक्रेत्याकडून |
| बोट | क्वचितच | बोटीची स्वतंत्र पॉलिसी असेल तरच | हो, उत्पादन दायित्वाखाली (सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी) | हो |
| क्रेन, टोचन | मागितलं तर | पॉलिसीतल्या मर्यादेपुरतं | हो | हो |
| बंद महिना | नाही | नाही | अवघड | पुरावा असेल तर |

कुठेही जा, आधी तुटलेला तुकडा सांभाळा

चारही वाटांवर पहिला प्रश्न एकच येतो: तुटलं कशामुळे? त्याचं उत्तर तुटलेल्या तोंडावर लिहिलेलं असतं. थकव्याने वाढत गेलेल्या भेगेच्या जागी गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात आणि शेवटी एकदम तुटलेला भाग खडबडीत असतो. म्हणून ते तोंड ब्रशने घासू नका, रॉकेलने धुऊ नका, आणि दोन तुकडे जुळतात का हे बघायला एकमेकांवर टेकवूही नका. तेवढ्यानेही खुणा पुसतात. तोंड कोरडं करून हलका तेलाचा हात द्या आणि प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधून ठेवा.

कंपनीचा माणूस 'तपासणीसाठी' तुकडा मागायला हमखास येतो. देऊ नका. द्यावाच लागला तर फोटो काढून, सही-शिक्क्याची पोच घेऊन, आणि दुसरा अर्धा भाग स्वतःकडे ठेवूनच.

त्याच दिवशी जागेवरच्या स्थितीचे फोटो काढा: क्षमतेची पट्टी, टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा कोड, यू-बोल्ट (अ‍ॅक्सल कमानीला बांधणारे), कमानीचे (स्प्रिंगचे) पाटे. बोट, इंजिन, भरलेली टाकी, बॅटरी, नांगर असं जे त्या दिवशी ट्रेलरवर होतं, ते तसंच धरमकाट्यावर नेऊन पावती घ्या. पेट्रोल १०० लिटर म्हणजे ७५ किलोच्या आसपास. माहितीपत्रकातलं बोटीचं वजन रिकाम्या बोटीचं असतं. ओव्हरलोडचा आरोप हा कंपनीचा पहिला बचाव असतो आणि त्यापुढे काटा पावतीइतकं वजनदार दुसरं काही नाही.

दोष कोणाचा, हे मोडण्याच्या पद्धतीवरून

सर्वांत जास्त वाद बेअरिंगवर होतात. नागपूरहून खिंडसीपर्यंत पन्नासेक किलोमीटर हायवेने आलं की हब तापलेला असतो. तसाच तो पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, रोलरवर गंजाचे खड्डे पडतात, आणि काही फेऱ्यांनंतर बेअरिंग निळं पडून फुटतं. कंपनी याला 'देखभाल नाही' म्हणते. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये वापराच्या पुरेशा सूचना न देणं हेही उत्पादकाच्या जबाबदारीचं कारण आहे. हब गार होऊ द्या आणि पाण्यात उतरवल्यानंतर ग्रीस तपासा हे पुस्तिकेत नसेल, तर तुमची बाजू उभी राहते. असेल, तर ग्रीस बदलल्याच्या पावत्या काढा.

वेल्डच्या कडेपासून सुरू झालेली भेग, वेल्डमधली छिद्रं, नीट न मिसळलेला धातू हा सरळ निर्मितीतला दोष. अ‍ॅक्सल वाकला पण तुटला नाही, तर बहुधा जास्त भार. मुख्य पाटा मधल्या बोल्टच्या छिद्राशी तुटला असेल, तर आधी यू-बोल्ट सैल होते का ते बघा. नव्या ट्रेलरचे नट पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा कसावे लागतात, आणि ते न कसल्यास कलम ८७ मधला गैरवापराचा बचाव कंपनीच्या हाती जातो. स्वतः जादा पाटा टाकला किंवा हुक बदलून वेल्ड केलं असेल, तर तो बचाव आणखी घट्ट होतो.

धातूची तपासणी नागपुरातच होऊ शकते. लोखंडासाठी व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या धातुशास्त्र विभागात विचारा, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमसाठी वाडीतल्या जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्रात. तपासणीआधी कंपनीला तारीख कळवून हजर राहायला सांगा. एकतर्फी केलेला अहवाल पुढे कमकुवत ठरतो.

तडजोड

सगळ्यांत जलद वाट, पण मिळतो तो एक अ‍ॅक्सल. रचनाच कमकुवत असेल तर नवा अ‍ॅक्सलही तसाच तुटणार. म्हणून दोन्ही बाजूंचे स्टब, हब आणि पाटे, नागपूरपर्यंतची वाहतूक आणि वॉरंटी नव्याने सुरू होणं, एवढं एकत्र मागा. कागदावर 'पूर्ण व अंतिम' असेल तर सही करू नका. 'हक्क राखून स्वीकारले' असं लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार देऊन ठेवायला हरकत नाही. कंपनी उत्तर देते, पण हेल्पलाइन निकाल देत नाही.

विमा

ट्रेलर ओढणाऱ्या जीपची पॉलिसी आपोआप ट्रेलरला लागू होते हा समज चुकीचा. ट्रेलरची नोंदणी आणि विमा वेगळा. मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड, मोडतोड, झीज वगळलेली असते, म्हणून तुटलेला अ‍ॅक्सल मिळत नाही; कलंडल्यामुळे झालेलं ट्रेलरचं नुकसान मिळू शकतं. बोट ही त्या पॉलिसीच्या दृष्टीने माल, तिला स्वतंत्र संरक्षण लागतं. एक धोका लक्षात ठेवा: विमा कंपनी पैसे देते तेव्हा उत्पादकाकडून वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्ही आधीच उत्पादकाला मुक्त करून टाकलं असेल, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. तेव्हा विम्याला आधी कळवा.

ग्राहक आयोग की न्यायालय

खरी निवड इथे आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आणि ती मोजतात वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. वरच्या उदाहरणात ट्रेलर २ लाख ६० हजारांचा, म्हणून शुल्क शून्य. ५ लाखांपर्यंत ते लागतच नाही. कंपनी चेन्नईची असो की लुधियानाची, तुम्ही नागपुरात राहत असाल तर तक्रार नागपुरातच. बिलावर मागे छापलेलं लवादाचं (वाद न्यायालयाबाहेर पंचाकडे नेण्याचं) कलमही आयोगाला अडवत नाही. दिवाणी न्यायालयात तेच कलम तुम्हाला लवादाकडे ढकलू शकतं, आणि दाव्याच्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते ती वेगळीच.

आयोगात मागणी दोन भागांत मांडावी लागते. ट्रेलर सदोष, म्हणून दुरुस्ती किंवा परतावा, हा एक भाग. बोटीचं नुकसान हा दुसरा, कारण उत्पादन दायित्वात 'हानी'च्या व्याख्येत ती वस्तू स्वतः धरलेली नाही, इतर मालमत्ता धरलेली आहे. व्यावसायिक तोटाही त्या व्याख्येबाहेर आहे. वेगळ्या कारखान्यातून अ‍ॅक्सल आणून ट्रेलर जोडणारा फॅब्रिकेटरही कायद्याने उत्पादक ठरतो, त्याला वगळू नका. ट्रेलर परदेशी बनावटीचा असेल आणि त्या कंपनीवर इथे नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता जबाबदार.

तक्रारीची मुदत घटनेपासून २ वर्षांची. कंपनीशी ईमेल चालू होते म्हणून ती लांबत नाही. नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे सवलत नाही. प्रयोगशाळेची गरज पडली तर आयोग नमुना सील करून पाठवतो, खर्च तुम्ही आधी जमा करायचा. अशी तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी कायद्यात ५ महिन्यांत निकाल लिहिला आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त धरून चला.

अडचण आहे 'व्यावसायिक हेतू'ची: धंद्यासाठी वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. चार बोटी आणि पगारी माणसं ठेवून जलपर्यटन चालवत असाल तर आयोगात टिकणं कठीण. स्वतः चालवून पोट भरणारा ढिवर (मासेमार) किंवा एक बोट भाड्याने देणारा मात्र ग्राहक ठरतो. एखाद-दोन मदतनीस असल्याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं आहे. म्हणून स्वयंरोजगाराचा मजकूर तक्रारीत स्पष्ट लिहा. 'महिन्याला इतके हजार बुडाले' असा मोठा आकडा जोडलात की कंपनीचा वकील त्याच ओळीवर बोट ठेवून तुम्हाला व्यापारी ठरवणार.

बुडालेलं उत्पन्नच मोठं असेल, तर न्यायालय. तिथे ३ वर्षांची मुदत आहे. वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि ३ लाख किंवा त्याहून मोठा असेल तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तज्ज्ञाची उलटतपासणी होते, म्हणून तुकड्याचा अहवाल कणखर हवा. आधीच्या हंगामाचं बुकिंग रजिस्टर आणि बँकेचे उतारे नसतील तर तो आकडा सिद्ध होत नाही.

बोट दुरुस्तीला टाकण्याआधी दोन वेगवेगळ्या कारखान्यांची लेखी अंदाजपत्रकं घ्या, कंपनी आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला पाहणीसाठी लेखी तारीख द्या. ती उलटल्यावरच फायबरला हात लावा.