सपाट पृष्ठभागावर साचणारे कण: एका सिम्युलेशन प्रोग्रामचे परीक्षण

सपाट पृष्ठभागावर एकेक कण येऊन बसतो आणि त्यातून थर कसा तयार होतो, हे संगणकावर दाखवणारा एक मोफत प्रोग्राम मी गेले काही आठवडे रोज वापरत आहे. त्यातले साधे यादृच्छिक निक्षेपण, म्हणजे शेजाऱ्यांची दखल न घेता कण आपापल्या स्तंभावर रचले जाणे, बिनचूक चालते.

बॅलिस्टिक निक्षेपण मात्र पाहत राहावे असे आहे. सरळ खाली येणारा कण ज्या कणाला प्रथम स्पर्श करतो त्यालाच कायमचा चिकटतो, एवढाच नियम. पण तेवढ्यानेच उंच स्तंभांच्या कडेला झाकलेल्या पोकळ्या राहतात आणि थर सच्छिद्र होतो. ठरावीक कणांनंतर रंग बदलण्याची सोय असल्यामुळे तळाशी जवळजवळ आडव्या असलेल्या पट्ट्या वर जाताना कशा वेड्यावाकड्या होतात, हे स्पष्ट दिसते. रेषेवर वाढणाऱ्या अशा थराचा खडबडीतपणा काळाच्या १/३ घाताने वाढतो, असे कार्दार, पारीसी आणि झांग या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या समीकरणावरून निघते. प्रोग्रामने २०० स्तंभांवर तो घात बराच कमी दाखवला, कारण इतक्या अरुंद पृष्ठभागावर खडबडीतपणा लवकर स्थिरावतो आणि आलेखाचा तो सपाट भागही धरून घात काढण्यासाठीची रेषा बसवली जाते. रुंदी वाढवली आणि तो भाग वगळला की उत्तर सुधारते. म्हणून मूळ रुंदी एवढी कमी ठेवायला नको होती.

माझी खरी तक्रार एकमेकांवर न चढणाऱ्या चकत्यांच्या प्रतिमानाबद्दल आहे. यात चकती यादृच्छिक जागी टाकली जाते आणि आधीच्या चकतीवर येत असेल तर तो प्रयत्न फसतो. चकती एकदा बसली की हलत नाही, त्यामुळे पृष्ठभागाचा सुमारे ०.५४७ भाग व्यापल्यावर नव्या चकतीला जागाच उरत नाही. पण शेवटच्या जागा अतिशय सावकाश भरतात, आणि हा प्रोग्राम सलग हजार प्रयत्न फसले की ‘थर पूर्ण’ असे जाहीर करतो. त्यामुळे मला जेमतेम ०.५० मिळाले, सेटिंग्जमध्ये शोधून मर्यादा दहा लाखांवर नेल्यावर आकडा ०.५४ च्या पुढे गेला. नवशिक्या विद्यार्थी पहिलाच आकडा खरा मानून वहीत उतरवून घेईल, याची मला काळजी वाटते. ही मर्यादा निकालाशेजारीच छापली जावी, अशी विनंती मी निर्मात्यांना कळवली आहे.